फुलाशेजारी मापाची पट्टी हवी

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत फुलांचे अगदी जवळून काढलेले फोटो हल्ली पुष्कळ दिसतात. जास्वंदीचे परागकोश त्यांत टपोऱ्या मण्यांसारखे दिसतात. पाहणारा ‘वा!’ म्हणतो. पण हा मणी प्रत्यक्षात केवढा, असे विचारले की फोटो काढणारा गप्प होतो. आणि फोटोही गप्पच असतो. माझे स्पष्ट मत असे की, ज्या फोटोत मापाची पट्टी नाही तो विज्ञानाच्या तक्त्यावर लावू नये. घराच्या भिंतीवर खुशाल लावावा.

विद्यार्थी मित्रहो, बहिर्वक्र भिंगाचा धडा आठवा. वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवली की प्रतिमाही पलीकडे तेवढ्याच अंतरावर आणि वस्तूएवढीच पडते. मॅक्रो भिंगाचे ‘एकास एक’ विशालन म्हणतात ते हेच. साधे ५० मिमी नाभीय अंतराचे भिंग घेतले, तर फूल भिंगापासून १०० मिमीवर येते. फिल्मच्या काळी निगेटिव्हवर पट्टी ठेवून परागकोश सरळ मोजता येई. आता तोच फोटो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, संगणकावर आणि तक्त्यावर निरनिराळ्या आकारांत दिसतो. मग ‘एकास एक’ या शब्दांना अर्थ उरतो कुठे? फोटोतच पट्टी असली, तर फोटो कितीही मोठा करा, पट्टीही त्याच प्रमाणात मोठी होते.

पट्टी कोठे ठेवावी हे मात्र महत्त्वाचे आहे. जास्वंदीच्या पुंकेसरांची नळी पाकळ्यांच्या बरीच पुढे आलेली असते. पट्टी मागे पाकळीला टेकवली आणि परागकोश पुढे राहिले, तर माप चुकलेच म्हणून समजा. वरच्या उदाहरणात परागकोश पट्टीच्या १० मिमी पुढे असेल, तर पट्टी ११० मिमीवर आणि परागकोश १०० मिमीवर. म्हणजे तो पट्टीच्या मानाने दहा टक्के मोठा दिसेल! आलेख कागदाची एक बारीक पट्टी कापून, काडीला चिकटवून, परागकोशाच्या बरोबरीने धरावी. बरोबरीने आली की नाही हे भिंगच सांगते. एवढ्या जवळून स्पष्ट दिसणारा थर फार पातळ असतो. फिल्मच्या ३५ मिमी कॅमेऱ्यात एकास एक विशालनाला, छिद्र एफ-८ ठेवले तरी, जेमतेम १ मिमी. पट्टीवरच्या रेघा आणि परागकोश दोन्ही एकदम स्पष्ट दिसले, की दोन्ही जवळजवळ एकाच प्रतलात आहेत. ज्या दोषाबद्दल छायाचित्रकार कुरकुरतात, तोच येथे आपल्या उपयोगी पडतो.

पट्टीने फोटोची शोभा जाते, अशी तक्रार काहीजण करतील. ती खोटी नाही. त्यांनी एक फोटो पट्टीसह आणि एक पट्टीशिवाय काढावा. शोभेसाठी पाकळ्यांवर पाणी शिंपडून खोटे दव दाखवण्याची जी पद्धत आहे, तिच्यापेक्षा ही पट्टी निदान खरे बोलते.

सावलीतल्या जास्वंदीचे परागकोश उन्हातल्यापेक्षा लहान असतात का? परसात दोन झाडे असतील, तर प्रत्येकाची दहा फुले अशा फोटोंवरून मोजता येतील. फोटोखाली तारीख आणि वेळ लिहावी. सकाळी वारा पडलेला असताना काम उरकावे. नंतर फूल हलू लागले, की त्या १ मिमीच्या थरात ते टिकत नाही.