केंद्राध्यक्ष गुरुजी, उमेदवार कधी?

मतदानाच्या आदल्या दुपारी झरी जामणीकडच्या एखाद्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, निघालेली गाडी बघावी. मतदान यंत्राची पेटी, व्हीव्हीपॅट, शाईची बाटली, पाकिटांचा गठ्ठा आणि हे सगळं मांडीशी धरून बसलेले शिक्षक. त्यातलेच एक केंद्राध्यक्ष. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजी पडते. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं. संध्याकाळी यंत्र सील करून ते तालुक्याला जमा होईपर्यंत गुरुजींच्या जिवात जीव नसतो. त्याआधीचे महिने मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून घरोघर फिरण्यात गेलेले असतात. कोण कामासाठी बाहेरगावी गेलं, कोण वारलं, कोणाची सून यादीत यायची राहिली, हे त्यांच्याइतकं गावात कोणालाच ठाऊक नसतं.

वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड. यवतमाळ जिल्ह्यातल्या या सातही विधानसभा मतदारसंघांची निवडणूक मोठ्या प्रमाणात शिक्षकांच्या खांद्यावरून पार पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना अशैक्षणिक कामं देण्यास बंदी घातली, पण त्यातून जनगणना आणि आपत्ती निवारणासोबत निवडणूकही वगळली. निवडणुकीत शिक्षक हवाच आहे, फक्त उमेदवार म्हणून नको. जिल्हा परिषद सेवकांचे 1967 चे वर्तणूक नियम त्याला राजकारणापासून आणि निवडणूक लढवण्यापासून दूर ठेवतात. उभं राहायचं तर आधी राजीनामा द्यायचा. नोकरीवर घर चालवणाऱ्या माणसाला ही अट म्हणजे बंदीच.

याच जिल्ह्याचा राजकीय इतिहास मात्र एका शिक्षकाला सोडून सांगता येत नाही. जांबुवंतराव धोटे यवतमाळात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. मैदानावर शिट्टी वाजवणारा हा माणूस 1962 मध्ये विधानसभेत पोहोचला. पुढे त्यांनी अध्यक्ष बाळासाहेब भारदे यांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि आमदारकी घालवली. पोटनिवडणुकीत यवतमाळकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. 1971 मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर ते नागपुरातून लोकसभेत गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतं काहीही असोत, विदर्भाचा प्रश्न त्यांनी सभागृहाला टाळू दिला नाही.

धोट्यांनंतर शिक्षकी पेशा जिल्ह्याच्या राजकारणातून गेला असंही नाही. राळेगावात 2014, 2019 आणि 2024 अशा तीन निवडणुका दोन प्राध्यापकांमध्ये झाल्या: भाजपचे प्रा. अशोक उईके आणि काँग्रेसचे प्रा. वसंत पुरके. तिन्ही वेळा उईके जिंकले. 2024 चा फरक तर तीन हजारांच्या आतला होता. पुरके राज्याचे शालेय शिक्षणमंत्री आणि विधानसभेचे उपाध्यक्ष राहिले, उईके आदिवासी विकासमंत्री झाले. फलकावर नावाआधी ‘प्रा.’ दिमाखात झळकतं. ‘गुरुजी’ मात्र सहसा दिसत नाही. याचं कारण गुणवत्तेत नाही, सेवानियमांत आहे. खासगी अनुदानित शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्याला नोकरी न सोडता निवडणुकीची वाट मोकळी आहे. पोडावरच्या गुरुजींना ती नाही.

शिक्षकांसाठी विधान परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ आहे की, असं यावर कोणी म्हणेल. आहे. अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघात यवतमाळही येतं. पण राज्यघटनेच्या कलम 171 नुसार त्यात मत फक्त माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्याला. पहिलीच्या मुलाचा हात धरून ‘अ’ गिरवून घेणारा प्राथमिक शिक्षक घटनेच्या लेखी या मतदारसंघापुरता शिक्षकच नाही. उलट उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे, अशी अट नाही. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये नारायणस्वामी खटल्यात सांगितलं. तोच न्याय इथेही लागू होतो. म्हणून मुंबईच्या शिक्षकांनी 2006 मध्ये पत्रकार कपिल पाटील यांना निवडलं आणि 2020 मध्ये अमरावती विभागातून वाशिमचे शिक्षणसंस्था चालवणारे किरण सरनाईक अपक्ष म्हणून निवडून आले. या दोघांनी निवडून येण्यात काही गैर नाही. पण संस्थाचालकाला चालणारा दरवाजा प्राथमिक शिक्षकाला मतदानापुरताही उघडत नाही, ही रचना विचित्र आहे.

शिवाय हा मतदारसंघ अरुंद आहे. तिथली भाषणं वेतन, अनुदान, पेन्शन यांभोवती फिरतात. 2023 च्या सुरुवातीला नागपूर विभागात सुधाकर अडबाले यांनी नागो गाणार यांना हरवलं, त्या लढतीत जुनी पेन्शन हाच मोठा मुद्दा होता. मागणी रास्त असेल, पण कोलामी बोलणाऱ्या मुलाला मराठी पाठ्यपुस्तक कसं शिकवायचं किंवा पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद झाली तर पोडावरच्या मुलीने जायचं कुठे, हे प्रश्न शिक्षकांच्या मतांवर सुटणारे नाहीत. ते पालकांच्या मतांवर उभ्या राहणाऱ्या विधानसभेत मांडायला हवेत.

पेन्शनवरून पेटलेला शिक्षक मुख्य दारातून आत गेल्याचं उदाहरण दूरवर, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात आहे. 2018 मध्ये तिथे पेन्शन कायद्याविरुद्ध शिक्षक रस्त्यावर आले. ट्रॅव्हिस ब्रेंडा या गणिताच्या शिक्षकाने स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्राथमिक निवडणुकीत सभागृहातल्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याला, जोनाथन शेल यांना, 123 मतांनी हरवलं आणि ते विधिमंडळात गेले.

आपल्याकडे नियम सैल झाले तरी पैशाची भिंत राहीलच. विधानसभेच्या उमेदवाराला आज अधिकृतपणे 40 लाख रुपये खर्च करता येतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन 2023 च्या वाढीनंतर महिना 16 हजार. तीन वर्षांच्या सेवेचे सगळे पैसे न खाता-पिता साठवले, तरी पावणेसहा लाख होतात. पुसदसारख्या, 1952 पासून नाईक घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मतदारसंघात नवख्या शिक्षकाने काय करावं? तो कदाचित हरेल. पण हरण्याचा हक्क तरी त्याला हवा.

शाळेत राजकारण शिरेल, ही भीती खोटी नाही. वर्गातला शिक्षक प्रचार करू लागला, तर पालक बिथरतील आणि मुलांचं नुकसान होईल. मग बंधनं तशीच घालावीत: उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत बिनपगारी रजा, त्या मतदारसंघात कोणतंही निवडणूक काम नाही, शाळेच्या आवारात प्रचार नाही आणि जिंकल्यास नोकरीचा राजीनामा. हरल्यास सोमवारी पुन्हा परिपाठाला हजर. अनुदानित शाळांतले शिक्षक उभे राहतात म्हणून त्या शाळांना काही टाळं लागलेलं नाही.

1967 चे नियम राज्य सरकारने केले, बदलणंही त्याच्याच हातात आहे. त्यासाठी घटनेला हात लावावा लागत नाही. विधिमंडळात ‘प्रा.’ लावणारे सदस्य आहेत, शिक्षक आमदार आहेत. त्यांच्यापैकी एकाने येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मागावी. पुढच्या निवडणुकीत झरीकडे जाणाऱ्या गाडीत एखादी जागा रिकामी राहील. त्या जागेवरच्या बाईंचं नाव यंत्रावर असेल.