तलाव सजले, माशांच्या अधिवासाचे काय?

रायपूर शहरातील शंकर नगरलगतचा तेलीबांधा तलाव आता ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने ओळखला जातो. काठावरील पदपथ आणि रोषणाई यांमुळे तेथे सायंकाळी नागरिकांची वर्दळ असते. तथापि, तलाव सुशोभित होणे आणि तो जलचरांना राहण्याजोगा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. शिवाय त्यातील पोषक द्रव्यांमुळे शेवाळ माजते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू निर्माण करत असले, तरी रात्री तोच वापरते. त्यामुळे साचलेल्या पाण्यातील मासे बहुधा पहाटेच्या सुमारास गुदमरतात. काठ सिमेंटने बांधून काढल्यास उथळ, वनस्पतींनी भरलेली कडही नाहीशी होते. देशी मांगूर अशाच जागी अंडी घालतो. निसर्ग संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत या माशाची नोंद संकटग्रस्त म्हणून आहे.

रोहू, कटला आणि मृगळ यांना नैसर्गिक प्रजननासाठी पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. म्हणूनच तलावांइतकेच खारून नदीचे आरोग्यही महत्त्वाचे ठरते. शिवनाथमार्गे महानदीला मिळणाऱ्या या नदीतूनच रायपूरला पिण्याचे पाणी पुरवले जाते. मासा जगू शकेल असे पाणी राखणे, यात नागरिकांचाही स्वार्थ आहे.

जलाशयांच्या रक्षणास कायद्याचे पाठबळ आहे. तलाव ही समाजाची संपत्ती असून त्यांचे रक्षण झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मधील हिंचलाल तिवारी प्रकरणात स्पष्ट केले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मज्जाव केला. मात्र अंमलबजावणी केवळ प्रशासनावर सोडून चालणार नाही.

रहिवासी संघटनांना बरेच काही करता येईल. घराचे सांडपाणी पावसाळी गटारात सोडले जात नाही ना, याची तपासणी करावी. मूर्ती व निर्माल्य यांच्यासाठी स्वतंत्र कुंडाचा वापर करावा. पुण्यकर्म म्हणून पाव व पिठाच्या गोळ्या टाकल्याने पाणी अधिकच बिघडते, हे लोकांना समजावून सांगावे. २००० साली बंदी घातलेला थाई मांगूर किंवा मत्स्यपेटीतील परदेशी मासे तलावात सोडू नयेत. काठाचा काही भाग तरी उतरता, मातीचा आणि स्थानिक वनस्पतींचा राहावा, असा आग्रह महानगरपालिकेकडे धरावा.

लोकांच्या निर्धाराने काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळील वाळण कोंड येथे ग्रामस्थांनी देवीच्या श्रद्धेपोटी महासीर मासे राखले आहेत. तेथील डोहात मासेमारी होत नाही. शहरी तलावाला केवळ मासेमारीबंदी पुरेशी नाही. तेथे सांडपाणीही रोखावे लागेल. पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायूची नियमित नोंद ठेवून ती जाहीर केल्यास सुशोभीकरणाचे खरे फलित नागरिकांना तपासता येईल.