चार हिताच्या गोष्टी : लॅपटॉपचें ग्राफिक्स कार्ड

गेल्या महिन्यांत परभणीच्या बाजारांत आमच्या पुतणीसाठीं लॅपटॉप घ्यावयाचा होता. त्यावर लिनक्स चालवावयाचें, हा तिचा हट्ट. वेगळें, भारी ग्राफिक्स कार्ड असलेलाच घ्यावा, हा दादांचा आग्रह. आणि पैसे वहिनींनीं मुलांच्या शिक्षणासाठीं वर्षभर बाजूला ठेविलेले. असा प्रसंग पुष्कळ घरीं येत असेल, म्हणून चार शब्द लिहितों.

पडद्यावर चित्र उमटविणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. लॅपटॉपांत तें एक तर प्रोसेसरच्या पोटांतच असतें, नाहीं तर मदरबोर्डावर झाळून बसविलेलें. तें मागाहून बहुधा बदलतां येत नाहीं. म्हणून निवड एकदांच. कार्डाची व लिनक्सची गांठ ‘ड्रायव्हर’ नांवाचा प्रोग्रॅम घालून देतो. सूत्रास जशी टीका, तसा कार्डास ड्रायव्हर. इंटेल व एएमडी यांची टीका ग्रंथाबरोबरच मिळते. त्यांचे ड्रायव्हर खुले असून लिनक्सच्या गाभ्यांतच येतात. एनव्हिडियाची टीका मात्र पुष्कळ वर्षें शास्त्रीबोवांच्या पेटींत कुलूपबंद होती. ती निराळी आणावी लागे, आणि गाभ्याची नवी आवृत्ति निघाली कीं कधीं कधीं जुळत नसे. लिनक्सचे जनक लायनस टॉरवॉल्ड्स यांनीं २०१२ सालीं फिनलंडांत भर सभेंत ह्या कंपनीस अपशब्द ऐकविले. २०२२ सालीं कंपनीनें ड्रायव्हरचा कांहीं भाग खुला केला, सगळा नव्हे.

आम्हीं पुतणीस विचारिलें, “तुला यावर करावयाचें तरी काय?” ती म्हणाली, “काका, प्रोग्रॅम लिहिणें, वाचन, आणि तुमचें संस्कृत टंकलेखन.” एवढ्यास प्रोसेसरच्या पोटांतलें कार्ड पुरे. तें वीजही कमी खातें. चलच्चित्रें घडविणें किंवा कृत्रिम बुद्धीचीं गणितें चालविणें ज्यांस आहे, त्यांनीं एनव्हिडियाचा विचार अवश्य करावा. त्या कामीं त्याची योग्यता मोठी आहे.

पुतणीनें पेनड्राइव्हवर लिनक्स भरून नेलें होतें. दुकानदाराच्या अनुमतीनें त्यावरूनच यंत्र सुरू केलें. पडद्याचा उजेड कमीजास्त होतो ना, झांकण मिटून उघडल्यावर चित्र परत येतें ना, दुसरा पडदा जोडतां येतो ना, हें पाहिलें. मगच पैसे मोजले. उरल्या रकमेंत धाकट्याच्या फीची सोय झाली. दादा अद्यापि कुरकुरतात, पण वहिनी समाधानी आहेत.

वाचकांनींही दुकानीं जातांना असा पेनड्राइव्ह खिशांत असूं द्यावा. मागाहून हळहळण्यापेक्षां तेथेंच घटकाभर थांबणें बरें.