सहल घरातल्या बाईचीही व्हावी

डिसेंबरची सुट्टी लागली की मुलांचा एकच धोशा असतो, कुठेतरी घेऊन चला. पाच माणसांनी हॉटेलात उतरायचे म्हणजे दोन खोल्या, दोन दिवसांचे बाहेरचे जेवण आणि ते हलाल आहे की नाही याची प्रत्येक ठिकाणी चौकशी. खर्चाचा हिशेब मांडला की बेत तिथेच बारगळतो. गाडीत तंबू टाकून जाणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. पण त्यात एक गोम आहे. हॉटेलचे पैसे वाचतात आणि ते काम घरातल्या बाईवर येऊन पडते. आदल्या रात्री जागून सामान तिनेच बांधायचे, तिथे स्वयंपाकही तिनेच करायचा आणि घरी परतल्यावर भांडीही तिनेच घासायची. याला आम्ही बचत म्हणत नाही. काम सगळ्यांत वाटले जाईल अशा रीतीनेच सामान बांधायला हवे.

आमच्या घरचा नेहमीचा मुक्काम भंडारदऱ्याचा. नाशिकहून जाऊन-येऊन साधारण 150 किलोमीटर, म्हणजे लहान गाडीला दहा लिटरच्या आसपास पेट्रोल. धरणाच्या पाण्याकाठी गावकरी आपल्या जागेत भाड्याने तंबू लावू देतात. जवळच अभयारण्य आहे, त्यामुळे मन मानेल तिथे तंबू ठोकू नये. निघण्यापूर्वी फोन करून भाडे, पाणी आणि शौचालय यांची चौकशी करावी. घरात वयस्कर माणूस असेल तर शौचालय तंबूपासून किती लांब आहे, हेही विचारावे.

सामानाचे तीन खोके करावेत: स्वयंपाक, झोप आणि किरकोळ. प्रत्येक खोक्याची यादी लिहून झाकणाच्या आतून चिकटवावी. यादी अम्मीच्या डोक्यात राहिली की प्रत्येक जण तिलाच विचारतो, "काडेपेटी कुठाय?" झाकणावर असली की दहा वर्षांचे मूलही वस्तू शोधून आणते. खोके एकेकाच्या ताब्यात द्यावे. भरणे, उतरवणे, परत लावणे हे ज्याचे त्याने करावे. कपडे ज्याने त्याने आपल्या शाळेच्या जुन्या दप्तरात भरावेत. त्यात बसेल तेवढेच न्यायचे. डिकीत तंबू सगळ्यात वर ठेवावा, कारण पोहोचल्यावर उजेड असताना तोच आधी लागतो.

नवीन खरेदी फारशी लागत नाही. जमिनीतून गारठा चढतो, म्हणून खाली ताडपत्री, तिच्यावर चटई आणि जाड गोधडी. ताडपत्रीच्या कडा तंबूखाली दुमडाव्यात, नाहीतर दवाचे पाणी आत येते. औषधाच्या दुकानातला थर्माकोलचा रिकामा खोका थंड सामानाला चालतो. बर्फ विकत घेण्याऐवजी पाण्याच्या चार बाटल्या गोठवाव्यात. वितळले की तेच पाणी प्यायला होते. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरावे. वजूसाठी तोटीचा वेगळा कॅन ठेवला की पाणी कमी लागते. दादीसाठी एक घडीची खुर्ची घ्यावी, ती बसायलाही होते आणि नमाजलाही.

खिमा घरीच शिजवून डब्यात गोठवावा आणि पहिल्या रात्री दशम्यांबरोबर संपवावा. दुसऱ्या दिवसासाठी डाळ-तांदूळ मोजून, हळद-मीठ घालून एका वेळची एक पुडी बांधावी. पुडीवर पाणी किती आणि शिट्ट्या किती ते लिहावे. मग खिचडी अब्बाही लावू शकतात. आपले ताट ज्याचे त्याने धुवावे.

गॅसचा लहान सिलिंडर गाडीत उभा ठेवून बांधावा, व्हॉल्व्ह घट्ट बंद करावा आणि खिडकीची काच थोडी खाली ठेवावी. आणि एक गोष्ट कधीही करू नये. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह तंबूत घेऊ नये. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही आणि जीव जातो. गाडीच्या काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपणेही तितकेच धोक्याचे. शेकून झाले की शेकोटीवर पाणी ओतावे आणि आणखी एक गोधडी पांघरावी.

निघताना कचरा गोणीत भरून सोबत आणावा. घरी आल्यावर त्याच दिवशी संपलेले मीठ, साखर, काडेपेटी पुन्हा खोक्यात भरून ठेवावी. पुढच्या वेळी तयारीला तास पुरतो आणि कोणाला रात्र जागावी लागत नाही. आपल्या घरची रीत वेगळी असेल तर जरूर लिहून कळवा.