भीड भिकेची बहीण

गेल्या महिन्यात एका सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी मोप्याला घरी आला. चहा झाला, विमानतळामुळे पालटलेल्या पठाराच्या गोष्टी झाल्या. तरी त्याचा पाय निघेना. अखेर मान खाली घालून म्हणाला, "सर, मला ओढ वाटते ती पुरुषांचीच. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून एक गोळी मिळते म्हणतात. पण ती मागू कोणाकडे? औषधाच्या दुकानात आमच्याच वाड्यावरचे मामा बसतात."

वाचकहो, तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहूनही त्या क्षणी मला शब्द सापडेना. मग मी एका डॉक्टरमित्राला विचारले.

ही गोळी 'प्रेप' या नावाने ओळखली जाते. लागण न झालेल्याने, ती होऊ नये म्हणून ती घ्यावयाची. अमेरिकेने २०१२ साली तिला मान्यता दिली; जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली समलिंगी पुरुषांसाठी तिची शिफारस केली. नेमाने रोज घेतल्यास शरीरसंबंधांतून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते. आधी एचआयव्हीची व मूत्रपिंडाची तपासणी करावी लागते, आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची. इतर गुप्तरोगांना मात्र ती आवर घालीत नाही. तेथे निरोधच हवा. आपल्याच देशातील कारखाने ही गोळी बनवितात. बाधितांना शासन २००४ पासून मोफत औषध देत आले आहे. ही गोळी मात्र बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पदरच्या पैशाने घ्यावी लागते. शिवाय कोणी मागत नाही म्हणून दुकानदार ती ठेवीत नाही, आणि दुकानात दिसत नाही म्हणून मागणाऱ्याचा धीर होत नाही.

ही भीड उगाच आलेली नाही. आपल्या गोव्यातच डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्या रक्तात एचआयव्ही आढळला, आणि १९८९ साली त्यांना म्हापशाच्या जुन्या क्षयरोग्यालयात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. कायदाच तसा होता. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे १९९२ साली, मृत्यूपूर्वी, त्यांनी बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. परंतु रक्त तपासून घेणे म्हणजे शिक्षा ओढवून घेणे, हा धडा लोकमनात खोल रुतला.

कायदा आता बदलला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. चारच दिवसांनी बाधितांविषयी गुप्तता राखण्यास बांधणारा व भेदभावास मनाई करणारा कायदा अमलात आला. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. बदलायचे राहिले आहे ते आपले उंबरठ्याआतले वागणे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत म्हापशाला डॉक्टरांकडे गेलो. मी काही केले नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. तपासणीची चिठ्ठी घेऊन तो बाहेर आला तेव्हा त्याची मान वर होती.

बेळगावात, बडोद्यात, इंदुरात, आपल्यापैकी कोणाच्याही घरी असा मुलगा असू शकेल. भीड भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. येथे तर ती जीव मागते. तो काही विचारू पाहील तेव्हा त्याला उपदेश करू नका. सोबत जा, आणि बाकावर बसून राहा.