वर्णद्वेषाच्या चित्रफिती आणि आपली मुले

वर्णद्वेषावरील चित्रपट लहान मुलांना दाखवू नयेत, त्यांच्या कोवळ्या मनावर आघात होतो, असा एक आक्षेप अमेरिकेत अलीकडे मोठ्या आवाजात घेतला जात आहे. हा आक्षेप नुसता तोंडी राहिलेला नाही. २०२१ साली ओक्लाहोमा राज्याने आणि २०२२ साली फ्लोरिडा राज्याने, वंश या विषयासंबंधी शाळेत काय व कसे शिकवावे यावर बंधने घालणारे कायदे केले. मार्च २०२३ मध्ये फ्लोरिडातील एका प्राथमिक शाळेत, दुसरीच्या मुलांना दाखविलेल्या एका चित्रपटाविरुद्ध एका पालकाने तक्रार केली, आणि फेरविचार होईपर्यंत त्या शाळेत तो दाखविणे थांबविण्यात आले. तो चित्रपट रूबी ब्रिजेस हिच्या बालपणावरील, १९९८ सालचा.

ही रूबी ब्रिजेस कोण? १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात, गोऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या शाळेत न्यायालयाच्या आदेशान्वये पाऊल टाकणारी ती सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी होय. संघराज्य सरकारचे मार्शल तिच्या पुढेमागे चालत होते, आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला गोऱ्या स्त्री-पुरुषांचा जमाव त्या पोरीला शिव्याशाप देत होता. पालकांनी आपली मुले वर्गातून काढून नेली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीलाच शिकविले. जे सहा वर्षांच्या मुलीने प्रत्यक्ष सोसले, ते सात वर्षांच्या मुलांनी पडद्यावर पाहू देखील नये काय? ज्यांची मुले अन्याय सोसतात त्यांच्या मुलांचे कोवळे वय कोणी विचारात घेत नाही. म्हणून असे चित्रपट शाळेत दाखविलेच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु दाखविले म्हणजे शिकविले, असे समजणे ही मोठी चूक होईल. न्यायालयात काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून रडला म्हणजे खटला सिद्ध होत नाही. त्याची सरतपासणी व्हावी लागते, मग उलटतपासणी व्हावी लागते, आणि त्यानंतरच त्याच्या साक्षीचे मोल ठरते. चित्रपट हा असाच एक साक्षीदार आहे. वर्गात दिवे लागले, मुलांनी डोळे पुसले आणि घंटा झाली, एवढ्यावर जर धडा संपला तर मुलांच्या पदरी फक्त दया पडते. दया ही वाईट वस्तू नव्हे. पण दयेने हक्क मिळाल्याचे उदाहरण इतिहासात सापडणे कठीण आहे. या कामी नेहमी वापरल्या जाणाऱ्या तीन साक्षींची आपण तपासणी करून पाहू.

पहिली साक्ष आयोवा राज्यातील राइसव्हिल या खेड्यातली. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी जेन एलियट या शिक्षिकेने आपल्या तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून दोन गटांत वाटणी केली. एके दिवशी एका रंगाच्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ, पुढे दुसऱ्या रंगाची. हाच प्रयोग पुढे १९७० सालच्या वर्गावर झाला तेव्हा त्याचे चित्रण करण्यात आले. त्यावरून प्रथम १९७० साली एक चित्रपट निघाला, आणि १९८५ साली ‘अ क्लास डिव्हायडेड’ हा माहितीपट अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. कनिष्ठ ठरलेल्या मुलांच्या गळ्यात कापडी पट्टा बांधला जातो. त्यांना मधल्या सुट्टीत जास्तीची पाच मिनिटे नाहीत, दुसऱ्यांदा वाढून घ्यावयाचे नाही, आणि वर्गातल्या नळाला तोंड लावावयाचे नाही. त्यांनी कागदी पेल्यातून पाणी प्यावयाचे. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा संग्राम ज्यांच्या आजा-पणजांनी केला, त्यांना या नळाचा अर्थ समजावून सांगावयास नको! तपकिरी डोळ्यांच्या मुलांना गळ्यात पट्टा असताना अक्षरांच्या पत्त्यांचा गठ्ठा वाचून काढावयास साडेपाच मिनिटे लागली; दुसऱ्या दिवशी पट्टा निघाला तेव्हा तोच गठ्ठा त्यांनी अडीच मिनिटांत संपविला. मुले तीच, बुद्धी तीच. कनिष्ठपणाचा शिक्का बुद्धीची कशी हानी करतो, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळेल.

आता उलटतपासणी. त्या वर्गात एकही कृष्णवर्णीय मूल नव्हते. पट्टा एका दिवसात सुटला आणि दुसऱ्याच्या गळ्यात गेला. खऱ्या समाजात तो पिढ्यान् पिढ्या सुटत नाही, आणि उलटून मालकाच्या गळ्यात तर कधीच पडत नाही. मुलांना विश्वासात न घेता त्यांच्यावर असा प्रयोग करावा काय, हाही प्रश्न आहे, आणि कोणत्याही शिक्षकाने केवळ चित्रपट पाहून आपल्या वर्गात त्याची नक्कल करू नये. मात्र या साक्षीतली सर्वांत मोलाची गोष्ट बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेतून निसटते. मुलांत आधी वैर नव्हते. शिक्षिकेने, म्हणजे त्या वर्गातील सत्तेने, नियम केला. नियमामागून तिरस्कार आला. तिरस्कारातून नियम जन्मतो असे आपण समजतो, पण अनेकदा क्रम उलटा असतो. व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६६२ साली कायदा केला की, मुलाची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरावी. गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम. पट्टा बांधणारा हात तो हा.

दुसरी साक्ष बाहुल्यांची. केनेथ क्लार्क व मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे रंगाखेरीज सर्वस्वी सारख्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारले, यातली चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन परगण्यात तपासलेल्या १६ कृष्णवर्णीय मुलांपैकी १० जणांना गोरी बाहुली आवडली, आणि ११ जणांनी काळ्या बाहुलीला वाईट म्हटले. शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरविणाऱ्या १७ मे १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालपत्रात, अकराव्या तळटीपेत, क्लार्क यांच्या लेखनाचा आधार दिलेला आहे. पुढे २००५ साली किरी डेव्हिस या शाळकरी मुलीने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हाच प्रयोग पुन्हा करून तो ‘अ गर्ल लाइक मी’ या छोट्या चित्रफितीत दाखविला. २१ मुलांपैकी १५ जणांनी गोरी बाहुली पसंत केली. निकालाला पन्नास वर्षे उलटली होती.

ही चित्रफीत पाहताना काळजाचे पाणी होते. पण येथे उलटतपासणी अधिक कडक हवी. प्रेक्षक असे समजून घरी जातो की, दोष त्या मुलाच्या मनात आहे, त्या बिचाऱ्याला आत्मविश्वास नाही. मूल तर आरशासारखे असते. समोर जे ठेवले ते त्याने दाखविले. दोष आरशाला देऊन चालत नाही. दुसरा धोका वर्गातच घडतो. चित्रपट संपतो, आणि शिक्षक त्या वर्गातल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय मुलाकडे वळून विचारतात, “तुला काय वाटते?” ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच पुराव्याची वस्तू म्हणून मांडून ठेवणे हा दुसरा अन्याय होय. प्रश्न सर्वांना विचारावा, आणि लाभ ज्यांना झाला त्यांना आधी विचारावा.

तिसरी साक्ष सर्वांत रुक्ष आहे. म्हणूनच ती सर्वांत कमी दाखविली जात असावी. ‘रेस: द पॉवर ऑफ अॅन इल्यूजन’ ही २००३ सालची तीन भागांची मालिका. तिच्या तिसऱ्या भागात शिवीगाळ करणारा जमाव मध्यवर्ती नाही. तेथे नकाशे आहेत, कर्जाचे अर्ज आहेत, घरांच्या किमती आहेत. १९३४ पासून १९६२ पर्यंत संघराज्य सरकारने सुमारे १२० अब्ज डॉलरच्या घरबांधणीला हमी दिली आणि त्यातला दोन टक्क्यांहून कमी भाग गोरेतरांना मिळाला, असे ही मालिका सांगते. घर हीच सामान्य कुटुंबाची ठेव. ज्याच्या बापाला कर्ज मिळाले त्याच्या मुलाला महाविद्यालय मिळाले. अर्ज नाकारणारा कारकून मनाने सज्जनही असेल. नियमपुस्तिका त्याच्यासाठी द्वेष करीत होती. हे जोवर मूल समजून घेत नाही, तोवर वर्णद्वेष म्हणजे काही वाईट माणसांचा वाईट स्वभाव, एवढेच ते शिकते. आणि स्वभावावर कायदा कसा करणार, म्हणून ते मोठेपणी स्वस्थ बसते.

या सर्वांशी आपला संबंध काय? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांनीही तो मार्ग धरावा असा विचार त्यांच्या मनात होता. त्यांनी तेथील दुःखाकडे कायदेपंडिताच्या नजरेने पाहिले आणि तेथून उपाय उचलावयाचा प्रयत्न केला. त्याच वेळी जात म्हणजे वंश, हे मत त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढले. तेव्हा आपल्या मुलांनी दोन दुःखांची भेसळ करू नये. प्रत्येकाचे नियम निराळे आहेत, ते निराळे शिकावेत.

आणखी एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. अन्याय सोसलेला मनुष्य आपोआप अन्यायातून मुक्त होत नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. आपल्या घरीही सून पाहताना ‘मुलगी गोरी आहे ना?’ हा प्रश्न निघतो, आणि सावळ्या लेकीला चेहऱ्याला लावावयाची क्रीम आणून दिली जाते. बाहुल्यांची चित्रफीत परदेशाची म्हणून पाहणाऱ्याने आधी आपल्या लेकीकडे पाहावे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की, गवत, कीटक, पशुपक्षी यांच्यात जातीजातींची शरीरचिन्हे आहेत. माणसांत मात्र केस, डोळे, ओठ, वर्ण यांपैकी कशातही तशी खूण नाही, भेद आहे तो केवळ नावाचा. डोळ्यांच्या रंगाचा राइसव्हिलचा प्रयोग ज्या सत्याशी शेवटी येऊन थांबतो, तेथून आपल्या धम्माचा आरंभ होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत समता मानण्याची प्रतिज्ञा आहे, आणि तिच्या पुढचीच समता स्थापन करण्यासाठी प्रयत्न करण्याची आहे.

म्हणून माझी सूचना अशी. विहारात रविवारी मुले जमतात, तेथे यांपैकी एखादी चित्रफीत जाणत्या माणसाने आधी स्वतः पाहून मग मुलांना दाखवावी. तासाची चित्रफीत असेल तर तासभर चर्चाही ठेवावी, आणि तीन प्रश्न सोडू नयेत: येथे नियम कोणता होता व तो कोणी केला? त्याचा लाभ कोणाच्या घरी गेला? तो कोणी, कोणत्या मार्गाने मोडला? उत्तरे मुलांनी वहीत स्वतः लिहावीत, आणि चौथा प्रश्न घरी जाऊन आईबापांना विचारावा: असा एखादा नियम आपल्या घरात आहे काय? त्या प्रश्नाला आपण वडीलधाऱ्यांनी रागावून उत्तर देऊ नये. मुलांना रूबी ब्रिजेससाठी रडावयास शिकविणे सोपे आहे; उद्या वर्गात कोणी एकटे बसविले गेले तर त्याच्या बाकावर जाऊन बसावयास त्यांना शिकविणे, हे आपले कर्तव्य आहे.