दहा वर्षांनी लहान? नको गं बाई!

नवरी म्हटली की ती बावीस ते अठ्ठावीस वर्षांचीच असणार, हे कुणी ठरवलं माहितेय? पार्लरवाल्यांनी! माझा हा शोध अगदी ताजा आहे आणि तो लावायला कारण ठरली आमची मावशी.

झालं असं, की घरात लग्न ठरलं. मावसबहिणीचं नाही हो, खुद्द मावशीचं. वय वर्षं त्रेपन्न, बँकेत अधिकारी, काकांना जाऊन नऊ वर्षं झालेली. 'मुलगा' अठ्ठावन्नचा, तिच्या ट्रेकिंग ग्रुपमधला. बातमी फुटल्यावर नातेवाइकांत जे व्हायचं ते झालंच. 'या वयात?'वाली एक पार्टी आणि 'सोबत हवीच गं, बरं केलं'वाली दुसरी. गंमत म्हणजे एका मुद्द्यावर दोन्ही पार्ट्यांचं एकमत होतं. लग्न कर, पण साधंसुधं. नटणंबिटणं नको, या वयात बरं दिसत नाही.

त्याच रात्री मावशीचा मला फोन. "तू ते ब्यूटीबिटीवर लिहितेस ना? मग शनिवारी माझ्याबरोबर मेकअपच्या ट्रायलला चल. आणि हे बघ, मला नटायचंय."

पार्लर चांगलं नावाजलेलं. मेकअप करणारी मुलगी गोड, जेमतेम बावीस-तेवीसची. मावशीला खुर्चीत बसवताना तिने ऑफरच दिली, "काकू, बघाच तुम्ही, दहा वर्षांनी लहान दिसाल!" मग पाऊण तास थरांवर थर. फाउंडेशनचे दोन कोट, डोळ्यांखाली कन्सीलर, त्यावर पावडरचा ढीग, पापण्यांवर चमचमता शिमर, खोट्या पापण्या, मरून मॅट लिपस्टिक. दुरून फोटो काढला तर झकास! पण मावशी हसली आणि डोळ्यांखाली चक्क भेगा पडल्या, उन्हाळ्यात तळं आटल्यावर पडतात तशा. मावसबहिणीला बंगळुरूला व्हिडिओ कॉल लावला. ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "छान आहे आई." आईला 'छान आहे' कुठल्या सुरात म्हटलं म्हणजे ते छान नसतं, हे आपल्या सगळ्यांनाच कळतं.

मावशीने शांतपणे कॉटन मागितला आणि पुसायला सुरुवात केली. ती मुलगी बिचारी गोंधळली. "पण काकू, खरंच दहा वर्षांनी लहान दिसत होतात!"

"अगं, दहा वर्षांपूर्वी मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून असायचे," मावशी म्हणाली. "तशी नकोय मला दिसायला. आत्ताची दिसू दे."

पार्लरमध्ये एकदम चिडीचूप. आम्ही पैसे दिले आणि बाहेर येऊन कटिंग चहा मारला.

मग मी मालिकांच्या सेटवर मेकअप करणाऱ्या एका मैत्रिणीला गाठलं. तिचं पहिलंच वाक्य, "त्या मुलीची चूक नाही गं. तिला तरुण त्वचेचाच मेकअप शिकवलेला असतो." आणि तेही खरंच. वय वाढतं तशी त्वचा कोरडी आणि पातळ होत जाते, कोलेजन कमी होतं, आणि मेनोपॉजनंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर ते फारच झपाट्याने घटतं. अशा त्वचेवर जाड थर दिला की तो रेघांमध्ये जाऊन बसतो. म्हणजे जे लपवायला गेलो, तेच अधोरेखित!

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं, आम्ही अजून तिशीत. पण एक तर आपल्यातल्या कितीतरी जणी आता पस्तिशीत बोहल्यावर चढतात. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या लग्नात तुमची आई त्याच पार्लरवालीच्या हाती जाणार आहे. तेव्हा हे कापून ठेवा.

तयारी महिनाभर आधी. मावशीचं लग्न रजिस्टर. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावंच लागतं. मैत्रीण म्हणाली, सरकारने तुम्हाला स्किन केअरसाठीच सुट्टी दिलीय असं समजा! रोज मॉइश्चरायझर, रोज सनस्क्रीन, हातांना आणि मानेलासुद्धा. नवीन फेशियल, पील वगैरे प्रयोग शेवटच्या आठवड्यात अजिबात नाहीत. हेअर कलर आधी करून घ्या आणि त्याच्याही ४८ तास आधी पॅच टेस्ट. आजवर सोसला म्हणून यंदाही सोसेलच, असं नसतं. काळ्या मेंदीपासून तर लांबच राहा, त्यातल्या केमिकलने हात भाजल्यासारखे होऊ शकतात.

बेस पातळ. मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटं थांबा, चहा प्या. मग ओल्या स्पंजने फाउंडेशन, तेही जिथे गरज आहे तिथेच. शेड जबड्याच्या रेषेवर लावून, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघायची. गोरं दिसण्यासाठी एक शेड वरची घेतलीत तर चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा! डोळ्यांखालच्या काळेपणावर आधी पीच किंवा नारिंगी करेक्टरचा ठिपका, मग नावाला कन्सीलर. आदल्या दिवशी हळद लागणार असेल तर पिवळी झाक दुसऱ्या दिवशीही राहते, हे मेकअपवालीला आधीच सांगा.

पावडर जपून. नाक, कपाळ, हनुवटी. बस्स. त्या पांढऱ्या 'एचडी' पावडरी डोळ्यांना दिसत नाहीत, फ्लॅशला मात्र बरोब्बर दिसतात. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या एका प्रीमियरला अँजेलिना जोलीच्या चेहऱ्यावर पांढरे डाग दिसले होते ते याच प्रकारामुळे. तिचं हे होऊ शकतं, तर आपलं काय घेऊन बसलात! ट्रायलला फ्लॅश मारून एक फोटो काढाच. हॉट फ्लॅशेसचा त्रास असेल तर घामावर पावडर चोपडू नका. टिश्यूने टिपा आणि छोटा पंखा जवळ ठेवा.

डोळे. पापणी थोडी उतरलेली असेल तर शिमर तिच्या सुरकुत्याच मोजून दाखवतो. मॅट ब्राऊन, मॅट पीच उत्तम. काजळाने भरलेले खालचे डोळे ही आपल्याकडची जुनी सवय, पण ते तासाभरात खाली ओघळतं आणि चेहरा थकलेला दिसतो. त्यापेक्षा वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक रेघ आणि मस्कारा. वैदिक लग्न असेल तर दोन्ही वॉटरप्रूफच, कारण होमाच्या धुरापुढे कुणाचं चालत नाही. वर्षानुवर्षं थ्रेडिंग करून भुवया विरळ झाल्या असतील तर ब्राऊन पेन्सिलने केसागणिक बारीक रेघा. काळ्या कमानी नकोत.

चष्मा असेल तर घाला. एरवी रोज घालता आणि लग्नात काढून मिचमिच करत फिरता, हे कशाला? मायनस नंबरची काच डोळे लहान दाखवते, तेव्हा लायनर थोडा ठळक. प्लस नंबरची काच डोळे मोठे दाखवते आणि मेकअपमधल्या चुकाही. तेव्हा तिथे सफाई हवी.

गाल आणि ओठ. ब्लश क्रीमचा आणि नेहमीपेक्षा किंचित वर. ओठांभोवती बारीक रेघा असतील तर लिपस्टिक त्यातून पसरते, म्हणून आधी त्याच रंगाचं लायनर. ड्राय मॅट आणि फार गडद रंगांनी ओठ आणखी पातळ दिसतात. क्रीमी किंवा सॅटिन फिनिशचा विटकरी, गुलाबी घ्या.

हात विसरू नका. हार, मंगळसूत्र, अंगठी, सही. लग्नातल्या क्लोजअपमध्ये चेहऱ्याच्या बरोबरीने असतात ते हातच.

हे सगळं मावशीने बँकेतल्या शिस्तीत वहीत लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "आणि टिकली?"

मला पटकन कळलंच नाही. मग आठवलं. काका गेल्यापासून ती बारीकशी काळी टिकली लावते. कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिच्या शब्दांत सांगायचं तर, 'कुणी काही म्हणायच्या आत आपणच लहान केलेली.' कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण शहरातल्यांनी काय कौतुकाने पोस्ट टाकल्या होत्या! आणि आमच्याच घरात, नऊ वर्षं रोज समोर दिसत असलेली ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती. मी ब्यूटीवर लिहिते म्हणे.

मैत्रिणीने मात्र प्रोफेशनल उत्तर दिलं. मोठी लाल लावायचीय ना, मग जुनं पाकीट काढू नका. टिकलीच्या गोंदाने काहींना खाज येते, काहींना तर त्या जागी पांढरा डाग पडतो. तेव्हा दोन दिवस आधी लावून बघा किंवा सरळ कुंकू लावा. कुंकू लावणार असाल तर त्या जागी फाउंडेशन नको, खाली मेण लावा म्हणजे ते गळणार नाही. आणि मुंडावळ्या बांधणार असाल तर दोरा कपाळावर रुततो, म्हणून तिथेही बेस अगदी पातळ.

सुहासिनी मुळे यांनी २०११ मध्ये साठाव्या वर्षी लग्न केलं, तेव्हा बातम्यांतला सगळा भर वयावरच होता. आमच्याकडेही तीच धास्ती होती. प्रत्यक्षात लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात कुणी मान वर करूनही बघितलं नाही. कागद, फोटो, तीन साक्षीदार. तिसरी मी. मावशी डाळिंबी पैठणीत, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मेकअपला पंचवीस मिनिटं लागली होती आणि तो मैत्रिणीने मावशीच्या बेडरूममध्ये, खिडकीपाशी केला होता.

मावसबहीण पहाटेच्या फ्लाइटने आली. आईकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता रडणार. पण तिने पर्समधून केस काढली आणि म्हणाली, "आई, चष्मा घाल. सही करायचीय ना."

मावशीने चष्मा घातला आणि सही केली. लिपस्टिक जेवणाच्या आधीच गेली. ती पुन्हा लावायचं कुणाच्याही लक्षात आलं नाही.